आउटपास मिळतो, पगार राहतो: 'मदद' पोर्टल आणि दूतावासाची सेवा, कागद संपलेल्या कामगाराच्या बाजूने

आखातात ज्याचा इकामा (राहण्याचा परवाना) संपला, ज्याच्यावर कफीलने (व्हिसा देणाऱ्या मालकाने) हुरूब, म्हणजे काम सोडून पळाल्याचा शेरा, टाकला, किंवा जो व्हिजिट व्हिसावर उतरून थेट साईटवर कामाला लागला, त्याला कॅम्पमधले लोक एकाच शब्दात 'खल्लीवल्ली' म्हणतात. नाव काहीही द्या, त्याने ओतलेला स्लॅब इतरांइतकाच पक्का असतो आणि त्याचा थकलेला पगारही तितकाच खरा असतो. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' हे तक्रारींचं पोर्टल, दूतावासाचा आउटपास (घरी परतण्यापुरता प्रवासाचा कागद), भारतीय समुदाय कल्याण निधी आणि प्रवासी भारतीय सहायता केंद्रं ही सगळी मिळून एकच सेवा आहे असं धरून, ती या माणसाच्या किती उपयोगाची आहे ते इथे तपासलं आहे.

गुण आधीच सांगतो. माणसाला सुखरूप घरी आणण्यासाठी पाचपैकी चार. त्याचा अडकलेला पगार सोडवून देण्यासाठी पाचपैकी दोन, आणि तेही तक्रार नीट लिहिली असेल तर. ही तफावत कुणा एका कर्मचाऱ्याच्या आळसामुळे नाही. संकटातल्या नागरिकाला मायदेशी परत पाठवणं दूतावासाच्या हातात असतं, पण तिथल्या कंपनीकडून पैसे काढणं त्या देशाच्या लेबर ऑफिसच्या आणि कोर्टाच्याच हातात असतं. त्यामुळे सगळं क्रमावर येतं: आधी लेबरमध्ये केस, मग मागे केस चालवणाऱ्याच्या नावे मुखत्यारपत्र, मग आउटपास. वैतागलेला माणूस आधी आउटपास मागतो, विमानात बसतो आणि घरी आल्यावर पगाराची तक्रार करतो. पैसे बुडतात ते इथेच.

'मदद' २०१५ साली सुरू झालं. तक्रार कामगार स्वतः करू शकतो, तशीच गावाकडून त्याची बायको, भाऊ किंवा मुलगाही करू शकतो. ज्याचा फोन काढून घेतलाय किंवा ज्याला कॅम्पबाहेर पडता येत नाही, त्याच्यासाठी ही सोय लाखमोलाची आहे. पगार थकणं, करारभंग, घरकामगारांचा छळ, तुरुंगवास, मृतदेह आणणं, बेपत्ता व्यक्ती, परत पाठवणी असे वेगवेगळे प्रकार निवडता येतात. तक्रार संबंधित दूतावासाकडे जाते, तिला क्रमांक मिळतो आणि ठरलेल्या काळात हालचाल झाली नाही तर ती आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे सरकते. दूतावासाला पाठवलेल्या साध्या ईमेलला यातलं काहीच नसतं. पुढे लेबर कोर्टात 'आम्ही अमुक तारखेलाच सांगितलं होतं' हे दाखवायला तारीख असलेली ही नोंद कामी येते. पोर्टलची सगळ्यात मोठी जमेची बाजू आम्ही हीच मानतो.

पण ही नोंद नेमकी कशी पुढे जाते, ते समजून घेतलं नाही तर निराशा पदरी येते. दूतावास कंपनीला फोन करतो किंवा पत्र लिहितो. कंपनीचा मुदीर (व्यवस्थापक) उत्तर देतो, 'हा माणूस काम सोडून पळाला, आमच्याकडे त्याचं काही देणं नाही.' हे उत्तर तक्रारीवर चढतं आणि कंपनीचं म्हणणं मिळालं म्हणून तक्रार बंद होऊ शकते. दूतावासाला कंपनीला आदेश देता येत नाही. वाणिज्य दूतावासांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार तो आपल्या नागरिकाला भेटू शकतो, मदत करू शकतो, त्याच्या वतीने स्थानिक अधिकाऱ्यांशी बोलू शकतो. निकाल देणं त्याच्या अखत्यारीत नाही. म्हणून तक्रार लिहितानाच कंपनी काय उत्तर देईल ते ओळखून त्याचं खंडन त्यात घालायचं.

नेहमी जाते ती तक्रार साधारण अशी असते: 'साहेब, कंपनी पाच महिने पगार देत नाही, मालक खूप त्रास देतो, पासपोर्ट पण ठेवून घेतला आहे, मला लवकर घरी पाठवा, घरी आई आजारी आहे.' यातलं प्रत्येक वाक्य खरं असेल, पण दूतावासातल्या माणसाच्या हाती कामाची एकच ओळ लागते, 'मला घरी पाठवा'. तेवढंच तो करतो.

हीच तक्रार अशी लिहा: कामगाराचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक. इकामा किंवा लेबर कार्डचा क्रमांक आणि तो कधी संपला. कंपनीचं नाव, पाटीवर आहे तसंच आणि जमलं तर अरबीतही, कारण एकाच मालकाच्या चार कंपन्या असतात आणि कागदावरचं नाव वेगळं निघतं. साईटचं ठिकाण, फोरमनचं आणि मुदीरचं नाव, त्यांचे नंबर. कामाला लागल्याची तारीख. करारात लिहिलेला मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे. कोणकोणत्या महिन्यांचा पगार आला नाही, महिन्यांची नावं घालून. शेवटचा पगार कोणत्या तारखेला, रोख की खात्यावर. मग हे वाक्य: 'मी काम सोडलेलं नाही, अमुक तारखेपर्यंत कामावर होतो, हजेरीचे फोटो जोडले आहेत.' आणि शेवटी मागणी, दोन वेगळ्या ओळींत: 'लेबर ऑफिसात केस दाखल करण्यासाठी दुभाषा आणि वकिलाची मदत हवी' आणि 'केस दाखल झाल्यावर परतीची व्यवस्था हवी'. या दोन मागण्या एका वाक्यात घातल्या की पहिली गळून पडते.

पुराव्याचं म्हणाल तर, कागद नसलेल्या माणसाकडे पुरावा नसतो असं सगळे गृहीत धरतात. ते खरं नसतं. सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे साधी वही. रोजची तारीख, कामाला लागल्याची वेळ, सुटल्याची वेळ, साईटचं नाव आणि त्या दिवशी फोरमनने सांगितलेलं काम. एका पानावर एक आठवडा, त्याच दिवशी लिहिलेला, एकाच बैठकीत मागचं भरून काढलेला नव्हे. शाई बदललेली, कडा मळलेली, मध्येच सिमेंटचा डाग पडलेली वही लेबर ऑफिसरला पटते. एका सुरात, एकाच पेनाने भरलेली तीस पानं पटत नाहीत. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून गावाकडे एका नंबरवर पाठवत राहायचं, म्हणजे फोटोला तारीख लागते आणि वही काढून घेतली तरी नोंद राहते. हेल्मेटवरचं कंपनीचं चिन्ह दिसेल असा साईटवरचा फोटो, कंपनीच्या बसचा नंबर, फोरमनचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप, बँकेत जमा झालेल्या जुन्या पगारांची नोंद, हे सगळं जपा. आवाजी निरोप फोन बदलला की जातात, म्हणून ते दुसऱ्या नंबरवर फॉरवर्ड करून ठेवा.

'कागद नसलेला' हा एकच प्रकार नाही. ही सेवा तिन्ही प्रकारच्या लोकांना सारखाच फॉर्म देते, आणि तिथेच ती उणी पडते.

पहिला प्रकार: माणूस रीतसर आला, करार झाला आणि कंपनीने इकामा किंवा परवान्याचं नूतनीकरणच केलं नाही. नूतनीकरणाची जबाबदारी मालकाची असते, त्यामुळे दोष कामगाराचा नाही. या माणसाची केस सगळ्यात भक्कम. सौदीत १४ मार्च २०२१ पासूनच्या सुधारणांनुसार, इकामा किंवा वर्क परमिट संपलं असेल, सलग ३ महिने पगार मिळाला नसेल, किंवा आल्यापासून ३ महिन्यांत करार नोंदला नसेल, तर जुन्या मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या मालकाकडे बदली मागता येते. म्हणजे घरी परतणं हा एकमेव मार्ग उरत नाही. तक्रारीच्या पहिल्याच उत्तरात हे सांगायला हवं, पण अनेकदा चर्चा थेट परतीच्या तिकिटावर येते. हे विचारायला लाजू नका: 'मला बदली मिळू शकते का?'

दुसरा प्रकार: ज्याच्यावर काम सोडल्याची नोंद लागली तो. सौदीत हुरूब, यूएईत 'ॲबस्कॉन्डिंग'. पगार मागितला म्हणून सूड म्हणून ही नोंद लावणारे कफील आहेत, हे त्या देशांच्या लेबर ऑफिसांनाही ठाऊक आहे. सौदीत ऑक्टोबर २०२२ पासूनच्या नियमानुसार मालकाने गैरहजेरी कळवल्यावर कामगाराला ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या मालकाकडे बदली किंवा फायनल एक्झिट (देश कायमचा सोडण्याची रीतसर परवानगी) घ्यायची असते, नाहीतर नोंद पक्की होते. यूएईत सलग ७ दिवसांहून जास्त गैरहजेरी झाली की मालक अशी नोंद करू शकतो. इथे एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवायची: पगार थकलाय म्हणून कॅम्प सोडायचाच असेल तर आधी लेबरमध्ये केस टाका आणि मग सोडा. केस आधीची आणि नोंद नंतरची असेल तर कोणी कोणाला दगा दिला ते तारखाच सांगतात. उलटं झालं तर सगळं कामगारालाच सिद्ध करत बसावं लागतं.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड. व्हिजिट व्हिसावर आलेला, किंवा 'आझाद व्हिसा' म्हणून पैसे मोजून घेतलेला, कागदावर एका कफीलकडे आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच ठेकेदाराकडे काम करणारा. आझाद व्हिसा नावाचा व्हिसा कोणत्याही कायद्यात नाही. ज्याने पगार बुडवला त्याच्याशी याचा कागदोपत्री काही संबंध नसतो आणि लेबर ऑफिसची ऑनलाईन व्यवस्था परवान्याच्या क्रमांकावरच चालते. तरी हातात काहीच नाही असं नव्हे. यूएईने ऑगस्ट २०२४ मध्ये कामगार कायद्यात बदल करून, परवान्याशिवाय कामाला लावणाऱ्या किंवा देशात आणून काम न देणाऱ्या मालकाला किमान १ लाख ते कमाल १० लाख दिरहम दंड ठरवला. पाच-सहा हजार दिरहमसाठी एवढा धोका पत्करणं ठेकेदाराला परवडत नाही. तडजोडीच्या बोलण्यात हा आकडा दूतावासाच्या किंवा सहायता केंद्राच्या माणसाने उच्चारला, तर त्याचं वजन कामगाराने उच्चारण्यापेक्षा कितीतरी जास्त. कामगाराने स्वतः धमकीच्या सुरात तो वापरू नये. उलट त्याच्यावरच कारवाईची भीती दाखवली जाते.

आता लेबरमधली केस. यूएईत मनुष्यबळ मंत्रालयाच्या कामगार तक्रार केंद्राचा नंबर ८००८४. तक्रार गेल्यावर आधी समेटाचा प्रयत्न होतो. दावा ५० हजार दिरहमपर्यंतचा असेल तर २०२४ पासून मंत्रालय स्वतःच निर्णय देतं आणि त्या निर्णयाची अंमलबजावणी थेट होते. कोणाला मान्य नसेल तर १५ कामकाजी दिवसांत कोर्टात जावं लागतं. साध्या कामगाराचा दावा क्वचितच या मर्यादेच्या वर जातो, म्हणून हा बदल खरोखर मोठा आहे. १ लाख दिरहमपर्यंतच्या दाव्याला कामगाराला कोर्ट फी लागत नाही. दावा करायची मुदत आता नोकरी संपल्यापासून २ वर्षं. सौदीत मात्र मुदत १२ महिनेच आहे. तिथेही आधी समेटाची पायरी, जास्तीत जास्त २१ कामकाजी दिवसांची, आणि मगच लेबर कोर्ट. कतारमध्ये लेबर वाद निवारण समित्या आहेत. तिथे मार्च २०२१ पासून किमान पगार १,००० रियाल, आणि राहण्या-खाण्याची सोय मालकाने केली नसेल तर त्यासाठी आणखी ५०० आणि ३०० रियाल. तक्रार लिहिताना हे भत्ते विसरू नका. ते दाव्यात धरायचे असतात.

हिशोब कसा मांडायचा ते यूएईच्या उदाहरणाने पाहू. समजा करारात एकूण पगार १,२०० दिरहम, त्यात मूळ पगार ८००. तीन वर्षं काम, शेवटचे पाच महिने पगार नाही, आणि रोज दोन तास जादा काम, महिन्याचे २६ दिवस, शेवटचं एक वर्ष. थकलेला पगार: १,२०० गुणिले ५, म्हणजे ६,०००. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी: ८०० भागिले ३० म्हणजे दिवसाला २६.६७, गुणिले २१ म्हणजे वर्षाला ५६०, तीन वर्षांचे १,६८०. ओव्हरटाईमचा दर मूळ पगाराच्या तासावर २५ टक्के जास्त: ८०० भागिले ३० भागिले ८ म्हणजे तासाला ३.३३, त्यावर पंचवीस टक्के धरून ४.१७. महिन्याचे ५२ तास म्हणजे सुमारे २१७, वर्षाचे सुमारे २,६००. बेरीज १०,२८० च्या आसपास. 'मला दहा हजार द्या' आणि 'माझा हिशोब असा आहे' या दोन वाक्यांत दोन केसेसइतकं अंतर आहे. ग्रॅच्युइटी एकूण पगारावर नव्हे तर मूळ पगारावर मोजतात. एकूण पगारावर मोजलेला दावा आला की समोरचा ती एक चूक दाखवून सगळा हिशोबच खोटा ठरवायला बघतो. रात्री दहा ते पहाटे चारच्या ओव्हरटाईमला २५ नाही, ५० टक्के जास्त, तेवढं वेगळं काढा.

याच्या पलीकडे दंडाची बाजू आहे आणि माणूस कुठे खचतो ते तिथे कळतं. यूएईत व्हिसा संपल्यावर राहिल्याचा दंड दिवसाला ५० दिरहम. आठ महिने, म्हणजे २४० दिवस झाले की १२,००० दिरहम. वरच्या उदाहरणातला सगळा दावा जिंकला तरी तो दंडाहून कमी. कंपनीने परवाना नूतन केला नाही, पगारही दिला नाही, आणि दंड मात्र कामगाराच्या डोक्यावर. म्हणून माणूस दावा सोडतो आणि माफीची वाट बघतो. यूएईने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात माफी जाहीर केली होती, कुवेतने त्याच वर्षी १७ मार्च ते ३० जून. अशा माफीत राहण्याचा दंड माफ होतो, मालकाचं देणं माफ होत नाही. हे वाक्य दूतावासाच्या प्रत्येक माफी-पत्रकात ठळक छापलं पाहिजे असं आम्हाला ठामपणे वाटतं. माफीच्या रांगेत उभ्या माणसाला वाटतं की सगळं मिटलं, आता काही मागायचं नाही. खरं तर लेबरमध्ये केस टाकण्याची सगळ्यात सुरक्षित वेळ तीच असते, कारण तेव्हा पकडले जाण्याची भीती सगळ्यात कमी असते.

आउटपासबद्दल तक्रार करायला फारसं काही नाही. त्याचं अधिकृत नाव इमर्जन्सी सर्टिफिकेट, भारतात परतण्यापुरता एकतर्फी प्रवासाचा कागद. पासपोर्ट कंपनीकडे अडकलाय, हरवलाय किंवा संपलाय, तिन्ही परिस्थितींत मिळतो. जुन्या पासपोर्टची झेरॉक्स किंवा फोटो असेल तर काम लवकर होतं. काहीच नसेल तर भारतातून नागरिकत्वाची खातरजमा व्हावी लागते आणि मग दिवस लांबतात. म्हणून विमानात बसण्याआधीच पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा आणि सही केलेला करार, या सगळ्यांचे फोटो घरच्यांच्या फोनमध्ये असले पाहिजेत. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं सौदी, यूएई आणि कतार या तिन्ही देशांत कायद्याने मना आहे, तेही तक्रारीत वेगळ्या ओळीत लिहा. एक अडचण मात्र लोकांना विमानतळावर कळते. आउटपास मिळाला म्हणजे देशाबाहेर पडायची परवानगी मिळाली असं नाही. ती त्या देशाच्या इमिग्रेशनकडून वेगळी घ्यावी लागते. बोटांचे ठसे होतात, आणि माणसावर पोलीस केस, थकलेलं कर्ज किंवा मोबाईलच्या बिलाचा दावा निघाला तर तिथेच अडतं. सौदीत 'तरहील'मधून, म्हणजे हद्दपारी केंद्रातून गेलेल्याला पुन्हा प्रवेशबंदी लागू शकते. पुन्हा जायचा विचार असेल तर फायनल एक्झिटचा मार्ग आधी विचारा.

समुदाय कल्याण निधीचं फारसं कोणाला माहीत नसतं, आणि ही या सेवेची मोठी उणीव आहे. निधी २००९ पासून आहे, २०१७ साली त्याचे नियम व्यापक झाले. दूतावासाच्या सेवांवर घेतलेल्या छोट्या शुल्कातून तो उभा राहतो, म्हणजे तो परदेशी भारतीयांचाच पैसा आहे. तात्पुरतं राहणं-खाणं, विमानाचं तिकीट, तातडीचे उपचार, वकिलाची मदत, छोटे दंड, मृतदेह भारतात आणणं, एवढ्यासाठी तो वापरता येतो. कागद नसलेले भारतीय कामगार तातडीच्या संकटात असतील तर तेही पात्र, हे योजनेत सुरुवातीपासून आहे. पण ही मदत परिस्थिती बघून, सर्वांत गरजूला दिली जाते, आणि जो मागत नाही त्याला क्वचितच मिळते. तिकीट तर लोक मागतात, वकील मागत नाहीत. 'समुदाय कल्याण निधीतून कायदेशीर मदत हवी' हे शब्द अर्जात जसेच्या तसे लिहा.

दुबईच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री नंबर ८०० ४६३४२, दिल्लीच्या केंद्राचा १८०० ११ ३०९०. जो माणूस दूतावासाच्या दारापर्यंत जायला घाबरतो, वाटेत पोलीस तपासणीत सापडेन असं ज्याला वाटतं, त्याने आधी फोन करावा आणि मगच निघावं.

घरकाम करणाऱ्या बायकांसाठी ही सेवा कमी पडते. घरकामगार अनेक आखाती देशांच्या मुख्य कामगार कायद्यात बसत नाहीत. यूएईत त्यांच्यासाठी २०२२ चा आणि कुवेतमध्ये २०१५ चा वेगळा कायदा आहे. भारताच्या बाजूने, ईसीआर पासपोर्टवर (ज्यावर कामाला जाण्याआधी सरकारची उत्प्रवास परवानगी लागते) घरकामासाठी जाणाऱ्या बाईला वयाची ३० वर्षांची अट आहे, आणि त्या अटीला वळसा घालण्यासाठी एजंट त्यांना व्हिजिट व्हिसावर पाठवतात. अट संरक्षणासाठी आहे, पण जिला ती लागू होते ती कुठल्याच नोंदीत न येता जाते. बंद घरात वही ठेवता येत नाही, साईटचे फोटो नसतात. अशा वेळी घरच्यांनी 'मदद'वर तक्रार करताना घराचं ठिकाण शक्य तितकं नेमकं द्यावं: भागाचं नाव, जवळची मशीद, इमारतीचा रंग, फोनवरून पाठवलेलं लोकेशन. मालकिणीचं नाव माहीत नसेल तरी चालेल, ठिकाण हवंच.

भारतातली बाजू याच सेवेचा भाग आहे, आणि तिथे जास्त आशा आहे असं आमचं मत. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात. त्याहून जास्त घेतलं असेल तर 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवर आणि उत्प्रवासी संरक्षकाकडे (परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याकडे) तक्रार करता येते. मुंबईत त्यांचं कार्यालय आहे. एजंट नोंदणीकृत आहे की नाही तेही 'ई-मायग्रेट'वरच दिसतं. नोंदणी नसताना माणसं पाठवणाऱ्याला उत्प्रवास कायदा १९८३ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दोन हजार रुपये! त्यामुळे नुसत्या या कायद्यावर न थांबता पोलिसांत फसवणुकीचा गुन्हाही नोंदवायचा. पोलीस ठाण्यात बरेचदा सांगतात की या कायद्याखाली खटल्याला केंद्राची परवानगी लागते. लागते, पण कामगाराने स्वतः किंवा त्याच्या आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण किंवा पालकाने तक्रार केली असेल तर लागत नाही, हे कलम २७ मध्येच लिहिलं आहे. ते पान छापून खिशात ठेवा.

प्रवासी भारतीय विमा योजनाही पाहून घ्या. उत्प्रवास परवानगी घेऊन गेलेल्यासाठी हा विमा सक्तीचा असतो, हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये आणि तीन वर्षांना ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख. २०१७ पासून मालक किंवा कामाचं ठिकाण बदललं तरी विमा चालू राहतो. म्हणजे इकामा संपलेल्या, दुसऱ्याच साईटवर काम करणाऱ्या माणसालाही तो लागू असतो, पॉलिसीची मुदत शिल्लक असेल तर. नोकरीच्या वादातल्या कोर्ट खर्चासाठी यात ४५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे, तीही कोणी मागत नाही. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याकडे हा विमा नसतो, कारण त्याने परवानगीच घेतलेली नसते. एजंट 'क्लिअरन्सची कटकट नको' म्हणतो तेव्हा नकळत १० लाखांवर पाणी सोडलं जातं.

उरलं मुखत्यारपत्र. सगळं जमवूनही केस बहुतेक वेळा इथेच फसते. माणूस परत आला की केसच्या तारखेला कोणीतरी उभं राहावं लागतं. तो विश्वासू सहकारी असू शकतो, पण त्याचा स्वतःचा व्हिसा वैध हवा, नाहीतर तोही कोर्टाच्या दारातच अडकतो. दूतावासाच्या यादीतला वकील असेल तर उत्तम. मुखत्यारपत्र त्या देशातच, तिथल्या नोटरीसमोर, अरबीत करणं सगळ्यात सोपं. वैध ओळखपत्र नसेल तर तिथला नोटरी नकार देऊ शकतो. अशा वेळी भारतीय दूतावासासमोर सही करायची, मग तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि अरबी भाषांतर घ्यायचं. हे विमानात बसण्याआधीच उरकायला हवं. भारतात परतल्यावर करायचं म्हटलं तर नोटरी, राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, त्या देशाचा भारतातला दूतावास, पुन्हा त्या देशाचं मंत्रालय, एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात. यूएई, कुवेत आणि कतारसाठी नुसती अपॉस्टील (परदेशात कागद चालावा म्हणून भारतात मिळणारं प्रमाणीकरण) चालत नाही. मसुद्यात केस चालवणं, तडजोड करणं आणि अंमलबजावणी मागणं हे तीन अधिकार नावानिशी लिहा. चौथा अधिकार म्हणजे रक्कम स्वीकारणं, आणि ती कोणत्या खात्यात पाठवायची त्या कामगाराच्या स्वतःच्या खात्याचा नंबर. हे चौथं वाक्य नसेल तर निकाल कामगाराच्या बाजूने लागतो, रक्कम कोर्टात जमा होते आणि ती उचलायला कोणालाच अधिकार नसतो.